हाडाला दिलेला खो

रानातल्या उंदराला व्यायामाचं चाक दिलं तर तो काय करेल? हा प्रश्न मुळात पडावा, आणि पडल्यावर झटकून न टाकता तो खरोखर करून बघावा, तेही काही वर्षं नेटानं, असं डोकं नेदरलँड्समधल्या लायडनच्या योहाना मायर यांचं. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर चाकात रात्र रात्र पळतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याबद्दल एक शंका कायम घेतली जायची. बिचारा कोंडलेला आहे, करणार काय? जीव रमवायला पळतो, किंवा सरळ वेड लागल्यामुळे पळतो. म्हणून मायरबाईंनी चाकच उचलून बाहेर नेलं. एक शहरातल्या झाडीत ठेवलं, दुसरं समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत. शेजारी थोडं खाणं आणि वर अंधारात बघणारा कॅमेरा.

उंदीर आले. हुंगून बघितलं, चाकात चढले आणि पळायला लागले. काही उतरून गेले आणि पुन्हा चढले. पुढे एका जागी खाणं ठेवणं बंद केलं, तेव्हा येणाऱ्यांची गर्दी ओसरली, पण जे यायचे ते पळायचेच. चिचुंद्र्या आल्या. बेडूक आले. शंख नसलेली एक लिबलिबीत गोगलगायसुद्धा चाकात शिरली आणि तिनं ते फिरवलं. २०१४ साली हे सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

मी तो निबंध वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्या बेडकाचा विचार करत होतो. मागे साप नाही, पुढे किडा नाही, शिट्टी फुंकणारे पीटीचे सर नाहीत. तरी तो हलतोय. हालचाल ही शरीराची गरज असते हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ती शरीराची हौससुद्धा असावी, हे मात्र मला एका डच बेडकाकडून कळलं.

आता माणसाच्या पिल्लाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या, ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींची माहिती एकत्र केली. मोजपट्टी साधी होती: रोज तासभर तरी धाप लागेल, घाम येईल अशी हालचाल होते का? २०१६च्या आकड्यांनुसार १०० पैकी ८१ मुलांची होत नव्हती. दक्षिण कोरियातल्या मुलींमध्ये तर १०० पैकी ९७ जणींची नाही. भारतात चारांपैकी जवळपास तिघांची नाही, आणि एवढ्यावर आपण जगाच्या तुलनेत बरे ठरलो! या बरेपणाचं कारण देताना संशोधकांनी म्हटलंय की आपल्याकडच्या मुलांना बहुधा क्रिकेटनं तारलं असावं आणि मुलींना घरकामानं. म्हणजे मुलाच्या हातातली बॅट आणि मुलीच्या कमरेवरची कळशी एकाच तक्त्यात जाऊन बसली. ‘शारीरिक सक्रियता’ या गोंडस शब्दाखाली काय काय खपून जातं ते असं.

त्याच अहवालातला एक आकडा मात्र कुणी सांगत नाही. २००१ साली हातात स्मार्टफोन नव्हता. आयफोन यायला अजून सहा वर्षं होती. तेव्हाचं जागतिक चित्र काय होतं? मुलगे १०० पैकी ८०, मुली १०० पैकी ८५. जवळपास आजच्याइतकंच वाईट. तेव्हा सगळं खापर फोनवर फोडायला जो तो टपलेला असतो, त्यानं हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा. फोनच्या वाट्याचं त्याला आपण देऊच, पण जरा नंतर. आधी, त्या एका तासात शरीरात नेमकं होतं काय, हे बघायला हवं. कारण ते फारच गमतीचं आहे.

खो-खो आठवा. आठ जण ओळीनं बसलेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा पळतोय. बसलेला कितीही चपळ असो, पाठीवर थाप पडून ‘खो’ कानावर आल्याशिवाय त्याला उठता येत नाही. आधी उठला तर फाऊल.

आपल्या हाडांच्या आत अगदी अशीच मांडणी आहे. हाड म्हणजे चुन्याची कांडी असं आपल्याला वाटतं, कारण आपण बघतो ते मेलेलं हाड. जिवंत हाडात लहान लहान खळगे असतात आणि दर खळग्यात एक पेशी बैठक मारून बसलेली असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्यात अशा पेशी चार हजार कोटींच्या आसपास भरतात. प्रत्येकीला डझनावारी हात, केसाहून कितीतरी बारीक. ते हात हाडातल्या सूक्ष्म कालव्यांतून पसरत जाऊन शेजारणीच्या हातांना भिडलेले असतात. कालव्यांत पाणी भरलेलं असतं. आणि या सगळ्याजणी वाट बघत असतात.

कशाची? दोरीवरची उडी मारून एखादी मुलगी जमिनीवर येते त्या क्षणाची. जमीन तिला तिच्या वजनाच्या काही पट जोरानं उलट ढकलते. नडगी किंचित वाकते. किती किंचित? एक मीटरची काठी एखाददोन मिलिमीटर दबावी, इतकंच. पण तेवढ्यानं कालव्यांतलं पाणी पिळलं जातं आणि सरकतं. ते सरकणारं पाणी पेशीच्या हातांना चाटून जातं. हाच खो. ती पेशी शेजारणीला निरोप देते, शेजारण पुढे देते, आणि हाडाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या गवंडी पेशी उठून कामाला लागतात. जिथे ताण पडला तिथे भर घालतात. जिथे बराच काळ ताणच नाही तिथलं सामान दुसऱ्या पेशी उचलून नेतात. हाड स्वतःच्या कामाप्रमाणे स्वतःला घडवतं हे यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ सालीच मांडलं होतं. खो नेमका कसा दिला जातो ते कळायला पुढची शंभर वर्षं गेली. खोच मिळाला नाही तर काय होतं, हे अंतराळवीरांवरून कळतं. तिथे पावलांखाली जमीनच नाही, त्यामुळे खुब्याचं हाड महिन्याला शंभरात एक-दीड भाग या दरानं झिजतं.

आणि आता मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट. कॅनडात शाळकरी मुलांची हाडं वर्षानुवर्षं मोजली गेली. हाड सर्वांत भराभर भरतं त्या काळाच्या आगेमागे मिळून दोन वर्षं धरली, तर तेवढ्या दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकूण हाडातला चौथा हिस्सा, २६ टक्के, भरला जातो. पुढच्या सबंध आयुष्यात बहुतेक माणसं जेवढं हाड गमावतात, जवळपास तेवढं. म्हणजे आजीचा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया तिच्या सत्तरीत होते, पण त्या खुब्याचा हिशेब बाराव्या-तेराव्या वर्षी लिहायला घेतलेला असतो. ही भर टिपेला पोचते ते वय मुलींचं साधारण साडेबारा, मुलांचं चौदा.

साडेबारा. आपल्याकडे बरोबर याच वयात घरातून सूचना सुरू होतात. आता मोठी झालीस. उड्या काय मारतेस? पाय जुळवून बस. पाळीच्या दिवसांत मैदानावर नको, मग हळूहळू एरवीही नको. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही दंड मोजून बघितले. रॅकेटचा दंड दुसऱ्याहून भक्कम निघणार हे उघडच होतं. पण ज्यांनी पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्यातला हा फरक खूप उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट होता. तोच खेळ, तीच रॅकेट. फक्त खो कधी मिळाला यात अंतर. निसर्ग मुलीला सिमेंटची पोती उतरवून देतो तोच मुहूर्त साधून आपण गवंड्यांना सुट्टी देतो. याला मी अज्ञानच म्हणेन, संस्कार म्हणणार नाही.

या पेशींचा आणखी एक स्वभाव आहे. त्यांना लवकर कंटाळा येतो. एकसारखे ठोके पडत राहिले की काही डझनांनंतर त्या बहिऱ्या होतात. मग आणखी शेकडो ठोके द्या, दाद देत नाहीत. काही तास विश्रांती मिळाली की पुन्हा कान टवकारतात. उंदरांच्या हाडावर दिवसाचे ३६० ताण एका दमात देण्याऐवजी ९०-९० च्या चार हप्त्यांत दिले तर हाड जास्त मजबूत झालं. जपानमध्ये उंदरांना रोज उड्या मारायला लावल्या. काहींना ५, काहींना १०, २०, ४०, तर काहींना १००. पाच उड्या मारणाऱ्यांचं हाडसुद्धा वाढलं, आणि शंभरवाल्यांना त्यापुढे फारसं जास्त काही मिळालं नाही. पाच उड्या! एवढ्याला तर आपण व्यायामसुद्धा म्हणणार नाही.

मग कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात काही शाळांनी एक सोपी युक्ती केली. दिवसातून तीनदा शाळेची घंटा वाजली की मुलांनी जागच्या जागी दहा उड्या मारायच्या. दहा-दहा-दहा, सगळी मिळून तीन मिनिटं. आठ महिन्यांनी त्या दहा वर्षांच्या मुलांच्या खुब्याचं हाड न उडणाऱ्यांपेक्षा जास्त भरलेलं आढळलं. ना साहित्य, ना कोच, ना फी.

हे वाचल्यावर मला खो-खोचं नव्यानं कौतुक वाटायला लागलं. बसा, ताडकन उठा, दहा पावलं जीव तोडून पळा, खांबाला वळसा, सूर मारा, पुन्हा बसा. हाडाला हवी ती तुटक-तुटक, दणकेबाज, दिशा बदलणारी हालचाल, मधल्या विश्रांतीसकट. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली या खेळाचे नियम बांधणाऱ्या मंडळींना अस्थिपेशींचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवून भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ते सामने मीही बघितले. फोनवर, सोफ्यात लोळून. असो.

हाडाची गोष्ट इतकी लांबली कारण ती मला आवडते. डोळ्याची गोष्ट तिच्याहून विचित्र आहे.

जन्मतः आपला डोळा आखूड असतो. तो वाढत वाढत नेमका अशा लांबीला येऊन थांबायला हवा की बाहेरचं चित्र बरोबर मागच्या पडद्यावर पडेल. एक मिलिमीटर जास्त वाढला तर अडीच-तीनचा मायनस नंबर. थांबायचं कधी, हे त्याला कोण सांगतं? बराच काळ समज असा होता की पुस्तकात डोकं खुपसल्यानं नंबर येतो. मग सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापुरात १०० पैकी २९ जणांना नंबर, सिडनीत फक्त तिघांना. वंश तोच, आईबापांचे चष्मे तसेच. आणि वाचन? सिडनीची मुलं उलट जास्त पुस्तकं वाचत होती. फरक एकाच ठिकाणी ठळक होता: सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास उघड्यावर असायची, सिंगापूरची तीन.

दुसऱ्या एका सिडनीकर पाहणीत असंही दिसलं की बंदिस्त हॉलमधल्या खेळानं डोळ्याला काही फायदा होत नाही. म्हणजे इथे घाम महत्त्वाचा नाही, उजेड महत्त्वाचा. लख्ख उजेडात डोळ्याच्या पडद्यावर डोपामिन नावाचं रसायन जास्त पाझरतं आणि ते डोळ्याच्या लांबीला आवर घालतं, असा आज बहुतेकांचा कौल आहे. मैदानाच्या कडेला बसून शेंगा फोडणाऱ्या पोराच्या हाडांना काही मिळत नसेल, डोळ्यांना मात्र मिळतं.

उजेड उजेड म्हणजे किती, हे मला बघायचं होतं. फोनमध्ये उजेड मोजणारा संवेदक असतोच, त्याचं एक फुकट ॲप घेतलं आणि आठवीतल्या भाचीला हाताशी धरलं. तिच्या अभ्यासाच्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली, आकडा दोनशेच्या जरा पुढे. “भरपूर उजेड आहे की मामा,” ती म्हणाली. खिडकीशी गेलो, हजाराच्या आसपास. मग गच्चीवर. संध्याकाळचे पाच वाजायला आलेले, आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे, आणि आकडा एकदम पाच आकडी झाला. तिला वाटलं फोन बिघडला. पुन्हा खाली टेबलावर: दोनशे. पुन्हा वर: दहा हजारांच्या पुढे. भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो. खोली आणि गच्ची यांच्यातलं अंतर पन्नास पटींचं आहे आणि आपल्याला ते जाणवतच नाही, कारण बाहुली लगेच आकसते आणि मेंदू दोन्हीकडे ‘उजेड आहे’ एवढीच पावती देतो. आम्ही तीनदा जिने चढलो-उतरलो. तिसऱ्यांदा ती माझ्या पुढे दोन मजले होती.

तैवाननं हे मनावर घेतलं. २०१० पासून तिथल्या प्राथमिक शाळांमधून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर ठेवण्याची मोहीम सुरू झाली. वर्षानुवर्षं चढत चाललेलं अधू नजरेच्या मुलांचं प्रमाण त्यानंतर पहिल्यांदा उतरलं. २०११ मधल्या ५० टक्क्यांवरून २०१५ पर्यंत ४६ टक्क्यांवर. दिसायला आकडा लहान आहे, पण उलट वाहणाऱ्या नदीला वळवल्यासारखं ते काम. एक खुलासा इथेच करायला हवा: एकदा आलेला नंबर उन्हात हिंडून उतरत नाही. यायचा तो लांबतो किंवा टळतो. आणि सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हे सांगायला नको.

साखरेचं थोडक्यात सांगतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त रिचवतात ते आपले स्नायू. स्नायूंच्या पेशीचं दार एरवी इन्सुलिनच्या किल्लीनं उघडतं. पण स्नायू आकुंचन पावू लागला की आत दडलेली दारं आपोआप पृष्ठभागावर येतात, किल्लीची वाट न बघता. पायऱ्या चढणारी मांडी साखर मागच्या दारानं आत घेते, असं म्हणा. आपल्या लोकांसाठी हे मागचं दार जास्तच मोलाचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं दाखवून दिलंय की आपली बाळं जन्मतः वजनानं हलकी असूनही आत चरबी राखून असतात. वरून सडपातळ, आतून लठ्ठ. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे फोटोच छापले. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. कारणमीमांसेत त्यांनी मिश्कीलपणे लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाऊन ते गाठणं. म्हणून ‘आमचा बंड्या बारीकच आहे, त्याला काय धावायची गरज’ हे वाक्य पुण्यात तरी कुणी उच्चारू नये.

तर हे असं आहे. ११ ते १७ या वयातलं शरीर ही तयार वस्तू नाही. ते मागणीप्रमाणे बांधलं जात असतं. हाड धक्क्याची वाट बघतं, डोळा उन्हाची, स्नायू ताणाची. मागणी आली तर माल तयार होतो. नाही आली तर शरीर काही रुसत नाही, तक्रार करत नाही; नाही मागितलं, नाही दिलं.

आता फोनचं देणं चुकतं करू. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरांची माहिती चाळली. प्रश्न हा होता की स्क्रीनच्या वापराचा मुलांच्या मनःस्वास्थ्याशी संबंध किती? उत्तर आलं: मुलांमुलांत जो काही फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.४ टक्का. ताळा म्हणून त्यांनी इतर गोष्टींशीही पडताळून बघितलं. नियमित बटाटे खाण्याचा संबंध जवळपास तेवढाच निघाला, आणि चष्मा लावण्याचा त्याहून जास्त! याचा अर्थ फोन निरुपद्रवी असा नाही. सरासरीच्या आड एखाद्या मुलीचं खरंखुरं दुःख दडून जाऊ शकतं. पण फोन म्हणजे विष, असं म्हणत दारोदार हिंडणाऱ्यांना हा बटाटा घशात अडकायला हवा.

माझ्या मते फोनचा गुन्हा वेगळाच आहे. तो फार चांगला सोबती आहे, आणि त्याच्यासोबत बसावं लागतं. रात्री तो झोपेतलाही वाटा खातो, तेही नेमकं त्या वयात जेव्हा शरीराचं घड्याळ आपण होऊन तास-दोन तास मागे पडलेलं असतं. दिवसाचे तास वाढत नाहीत. एक रील बघून होते तेवढ्यात संध्याकाळचं ऊन कलतं. बरं, फोन काढून घेतला तर मूल जाईल कुठे? पार्किंगमध्ये बॉल खेळायचा नाही, गाड्यांना लागतो. शाळेचं मैदान सुटल्यावर कुलूपबंद. पीटीचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतलेला. साडेपाच ते आठ क्लास. २००१ साली फोन नसताना मुलं का बसून होती, याचं उत्तर या यादीत सापडेल. फोन त्या रिकाम्या जागेत शिरलेला भाडेकरू आहे. त्यानं जागा बळकावली, पण रिकामी आपणच करून ठेवली होती.

२०१६ मध्ये फोननं एकदा उलटं करून दाखवलं. ‘पोकेमॉन गो’ आला, आणि अदृश्य राक्षस पकडायला जगभरची पोरं रस्त्यावर उतरली. अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंची पावलं पहिल्या आठवड्यात रोज साडेनऊशेनं वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत ती पूर्ववत झाली. राक्षस एकट्यानं पकडता येतो. खो द्यायला दुसरं कुणीतरी लागतं. गडी उरले की खेळ उरतो.

गडी उरवण्याची युक्ती सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाला अर्धी सापडली आहे. २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथल्या ग्रामसभेत बायकांनी उचलून धरलं आणि गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल, आणि साडेआठपर्यंत गावातले फोन आणि टीव्ही बंद. आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. सुरुवातीला लोक हसले असणारच, पण भोंगा चालू राहिला आणि बाकीची गावं बघायला आली. यातली मेख मला अशी दिसते की फोन एकट्या पोराचा बंद नसतो, शेजारच्याचाही असतो, बापाचाही असतो. एकट्यानं सोडणं म्हणजे शिक्षा. गावानं मिळून सोडलं की ती वेळ होते, आरतीसारखी.

अर्धी म्हणालो, कारण तो दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, गप्पांचा आहे. तेव्हा ऊन गेलेलं असतं आणि मुलं बसलेलीच असतात. फक्त समोर फोनऐवजी पुस्तक. मेंदूचं भलं झालं. चार हजार कोटी पेशी अजून उकिडव्या बसून आहेत.

म्हणून गावोगावच्या सरपंचांना, सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. सातचा भोंगा राहू द्या, पण एक पाचलाही वाजवा. त्या वेळी शाळेच्या फाटकाचं कुलूप काढा, पार्किंगमधल्या गाड्या तासभर भिंतीला लावा, आणि आठवीतल्या मुलींना आधी बोलवा. भोंगा नसेल तर शाळेची घंटा आहेच. तीनदा वाजते, दहा उड्या, तीन मिनिटं. उद्या सकाळच्या परिपाठापासून सुरू करता येईल.